कोरा फळा

सात रस्ता चौकातल्या आपल्या सायकल दुकानाबाहेर चनबसप्पा बारा वर्षं रोज सकाळी फळ्यावर स्वतःचं मत लिहायचा. तूट भरायला सरकार नोटा छापतंय, महागाई त्यानंच वाढते. दुसऱ्याच्या देशात फौजा घुसवणारे तिथल्या लोकांचं भलं करायला जात नसतात. लोक सायकली थांबवून वाचायचे, हुज्जत घालायचे, आणि त्याला तेच हवं असायचं.

आणीबाणी लागून महिना होत आला होता. पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांना पोलिसांनी उचलल्याचं कळलं आणि त्यानं ओल्या फडक्यानं फळा पुसला. कोपऱ्यातला खडूचा ठिपकासुद्धा नखानं खरवडून काढला.

दुसऱ्या दिवशी त्या कोऱ्या फळ्यापुढं नेहमीपेक्षा जास्त माणसं उभी होती. निषेध म्हणून काही पेपरांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मंद्रूपहून दूध घालायला येणाऱ्या महादेवप्पानं त्याचा हात दाबला. हळूच म्हणाला, "लई धाडस केलंस की."

चनबसप्पाला समोरून हवालदार येताना दिसला. भ्यालो म्हणून पुसलं, हे हवालदाराला सांगून टाकावं असं त्याला वाटलं. पण कशाला भ्यालास, असं हवालदारानं विचारलं तर?