दिग्याच्या जीपचं आवक रजिस्टर

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी करमाडच्या माझ्या गॅरेजात ट्रकखाली उताणा पडलो होतो. वहिनी पलीकडून रडत होत्या आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर... चला, त्या जीपची सुटका झाली. सव्वा महिना झाला, तरी हे लिहायला लाज वाटत नाही. त्या माणसानं लोखंडाचे केलेले हाल मी या डोळ्यांनी पाहिलेत.

शाळेत आम्ही एका बाकावरचे. मी मिस्त्री झालो, तो वैजापूरला तहसिलीत कारकून. तीस वर्षांत टाचणीपेक्षा जड लोखंड उचललं नाही, आणि निवृत्त झाल्यावर गड्यानं पुंडलिकनगरच्या घरामागं पत्र्याचं शेड ठोकून हौसेचं गॅरेज काढलं! वेल्डिंगचं मशीन, ऐरण, लेथ, सगळं नवंकोरं. कानशी उंचीनुसार टांगलेल्या. फरशी अशी की तिच्यावर वरणभात वाढून घ्यावा. मधोमध ती जीप. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला फौजेबरोबर आलेली, असं तो आल्यागेल्याला सांगायचा. मी म्हणायचो, "व्हय, आन् तवापासून बंदच हाय."

खरा तमाशा पुढंच. खोललेला एकेक नट तो रॉकेलनं धुवायचा, त्याला लाल फितीनं चिठ्ठी बांधायचा आणि आवक रजिस्टरात चढवायचा. 'वायसर, एक नग, डावे पुढील चाक, स्थिती समाधानकारक.' एक चाक उतरवायला त्याला अख्खा पावसाळा लागला. तेवढ्यात माझ्याकडं एखादी बस नवी होऊन, पुन्हा ठोकून, परत दुरुस्तीला आली असती. मी चार माणसांदेखत म्हणालो, "दिग्या, आधी हात काळे कर, मग मला इचार." सगळे खिदळले. तोही हसला आणि रुमालाला हात पुसत राहिला... पुसण्यासारखं काही नसताना.

पाच वर्षांनी जीप जुळली. इंजिनही सुरू झालं. पण क्लच कितीही दाबला तरी गिअर पडेना, नुसता करकरायचा. जीप तसूभर हलली नाही. वहिनींकडून हे कळलं आणि मी ते जालना रोडवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला तिखटमीठ लावून सांगितलं.

शेवटचा भेटला तो माझ्याच गॅरेजात. इस्त्रीचा शर्ट घालून बसनं आला, टायरवर पेपर अंथरून बसला, चेहरा अर्जदारासारखा. "मधू, एक इचारायचं व्हतं..." माझं तोंड उघडलं ते मिटलंच नाही. "काय सायेब, फाईल अडकली का? वजन ठिवा की वर, हलंल जीप!" गिऱ्हाइकं हसून लोळली. उभ्या नोकरीत कुणाचा फुकट चहा न प्यालेला माणूस तो. मी मागवलेल्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "काय नाय... सहज आल्तो."

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. "भाऊजी, भंगारवाला बघून गेलाय. देण्याआधी तुमी एकदा बघता का?" मी इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, गिअर टाकून पाहिला आणि एका सेकंदात ओळखलं. क्लच प्लेट उलटी! अर्ध्या दिवसाचं काम, आणि त्यापायी हा गाढव दोन वर्षं अडून बसला! पुरावा म्हणून रजिस्टर उघडलं. 'क्लच प्लेट, एक नग. कोणती बाजू इंजिनकडे? मधूला विचारणे.' खाली स्मरणपत्र एक. स्मरणपत्र दोन... अकरापर्यंत. स्वतःच स्वतःला पाठवलेली. अकरावं तो करमाडला आला त्या दिवसाचं. 'समक्ष भेटलो. कामात होते.'

कामात होते!

त्याच्याच पान्यांनी मी गिअरबॉक्स उतरवला, प्लेट फिरवली, सगळं पुन्हा बसवलं. जीप शेडातून निघून फाटकापर्यंत गेली. वहिनी ओट्यावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "हलली की हो..." आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

जीप मी माघारी लावली. क्लच प्लेटच्या नोंदीपुढं शेऱ्याचा रकाना रिकामा होता. नोंद निकाली काढावी म्हणून रजिस्टर ओढलं, तर पानावर माझा ग्रीसचा अंगठा उमटला. त्या सबंध गॅरेजात काळा डाग तेवढा एकच. दिग्या असता तर लेखी खुलासा मागितला असता. मी बराच वेळ पान उघडं ठेवून बसलो... कुणी मागितला नाही.