मागच्या दाराची कडी

फोन आला तेव्हा मी राजापेठेत चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. बाहेर नुकतेच ट्यूशनचे वर्ग सुटले होते आणि गाड्यांच्या हॉर्नमध्ये निखिलचा आवाज नीट येत नव्हता. निखिल म्हणजे माझ्या मावसबहिणीचा, डॉक्टर शैलाताईचा भाचा. अकोल्याला तिच्याजवळच राहतो. "काका, आत्या गेली," एवढंच कळलं. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसली ती उठलीच नाही. मी तसाच उठलो आणि जुन्या चष्म्यानिशी अकोल्याची एसटी पकडली. रस्ताभर मला तिचा रागच येत होता. आदल्याच आठवड्यात माझ्या मधुमेहावरून तिनं मला फोनवर चांगलं झाडलं होतं, आणि स्वतःच्या छातीत दुखत असणार, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर लोकांची ही खोड मला कधीच आवडली नाही…

वर्तमानपत्रांत तिच्याविषयी जे छापून आलं ते सगळं खरं आहे. ती आरोग्य धोरणाची जाणकार होती, कितीतरी देशांनी दवाखाने कुठे आणि कसे उभारावेत यासाठी तिचा सल्ला घेतला. पण ही जाणकार घडली ती अकोट तालुक्यातल्या एका गावात, आणि तेही एका चुकीतून, हे कुठे आलं नाही. ती स्वतः ही गोष्ट कुणालाही सांगायची, अगदी परदेशातल्या साहेबांनासुद्धा. म्हणून मीही सांगतो.

तिच्या नोकरीची पहिलीच वर्षं होती. त्या गावात आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं, पण जागा गावानं फुकट द्यायची होती. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेजवळची, चावडीजवळची जागा कुणाला सोडवत नाही. मोठ्या मनानं दान दिली जाते ती कुणी फुकटही घेणार नाही अशी. इथे ती मिळाली स्मशानाला लागून. काही म्हाताऱ्यांनी कुरकूर केली. ताई तेव्हा तरुण होती, तापट होती. असल्या समजुती मोडायच्या नाहीत तर शिकलो कशाला, असं तिनं भर सभेत सुनावलं. इमारत झाली, नारळ फुटला, नवी कोरी खाट आली… आणि बायका आल्याच नाहीत. पुरुष यायचे, मलमपट्टी करून जायचे. पोटुशी बाई एकही फिरकत नव्हती. ताईला वाटायचं, सवय होईल हळूहळू.

मग एका पावसाळी पहाटे रुक्मा नावाच्या मुलीचं पहिलं बाळंतपण अडलं. घरापासून उपकेंद्र हाकेच्या अंतरावर होतं. पण सासूनं तिला बैलगाडीत घालून स्मशान टाळून नाल्याकडून, शेताशेतातून फेरा मारून आणलं. उन्हं चढेपर्यंत गाडी चिखलात रुतून राहिली होती. रुक्मा वाचली, बाळ गेलं. ताई त्या सासूवर ओरडली. सासूनं डोळ्याला पदर लावला नाही की आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुमी जाता त्या रस्त्यानं, तुमाले काही नाही. मी पोटुशी पोरगी मसणापासून कशी आनू? अन् तिले काही झालं असतं त, तुमी मलेच बोलल्या असत्या न?"

ताई म्हणायची, ती बाई खरंच सुनेला जपत होती. आपण दोघी एकाच पोरीला जपत होतो आणि मधल्या मधे बाळ गेलं, हे ताईला फार लागलं. मग तिनं कुणाला न विचारता उपकेंद्राची मागची भिंत फोडली आणि शेताच्या बाजूला दार काढलं. शेतमालकाच्या हातापाया पडून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पायवाट मागून घेतली. वरिष्ठांनी खुलासा मागवला. तोवर मागच्या दाराशी बायकांच्या चपला दिसायला लागल्या होत्या.

पुढे मोठमोठ्या बैठकांत नकाशे मांडले जायचे. दवाखान्याभोवती वर्तुळ काढायचं आणि वर्तुळातल्या सगळ्या माणसांना सेवा मिळाली असं धरायचं, अशी रीत. ताई विचारायची, या वर्तुळात नदी कुठे आहे, मसण कुठे आहे, बाईला एकटीनं जायला लाज वाटेल असा रस्ता कोणता? नेपाळमध्ये विचारलं, आफ्रिकेत विचारलं. लोक वैतागायचे. मी भूगोलाचा मास्तर, म्हणून मलाही टोमणा ठरलेला: "दिनू, तुमच्या नकाशात रस्ता दिसते, त्यावरून कोन जाऊ शकत नाही थे कुठं दिसते?" मी म्हणायचो, जगभर फिरून आलीस तरी तुझं बोट त्या एका गावावरच. ती हसायची नाही. एकदा फक्त माझ्या मुलाकडे बघून म्हणाली, "ते पोरगं आता तुझ्या सुमितएवढं असतं रे."

निवृत्तीनंतर तिनं अकोल्यात घर घेतलं तेही मागचं दार बघून. पुढे कॉलनीचा रस्ता, फाटक, कुंड्या. मागे वस्तीची गल्ली. वस्तीतल्या बायका पुढच्या फाटकातून यायला बिचकतात म्हणून सकाळपासून मागच्या दाराची कडी काढलेली असायची. स्वयंपाकघरात बसूनच ती बीपी बघायची, सरकारी दवाखान्यात कुणाला भेटायचं ते सांगायची, कधी सोबत जायची. चोर येईल, असं मी म्हटलं तर म्हणायची, येऊ दे, त्याचंही बीपी पाहू.

त्या दिवशी मी पोचलो तेव्हा मेडिकल कॉलेजची गाडी आली होती. देहदानाचं तिनं कधीच पक्कं केलं होतं. म्हणजे आयुष्यभर स्मशानाच्या ज्या वाटेशी भांडली, त्या वाटेनं शेवटी ती गेलीच नाही. ड्रायव्हर गाडी गल्लीतून मागच्या दाराशी घेऊ पाहत होता, तिकडून स्ट्रेचर सोपं पडलं असतं. निखिलनं त्याला थांबवलं. आत्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "मले पुढच्या दारानं न्या. मागं बायका बसल्या असतीन, त्यायले उठवू नका." आणि खरंच, मागच्या पायरीवर चारदोन जणी बसल्या होत्या. त्यांना अजून काही माहीतच नव्हतं. सांगायला मी गेलो, आणि त्यांच्यासमोर मला रडू आवरलं नाही.

गेल्या रविवारी घर आवरायला पुन्हा गेलो. निघताना सवयीनं मागच्या दाराची कडी लावली, तर बाहेर बांगड्या वाजल्या. विचारलं, कोण आहे? "कोनी नाही भाऊ. बाई नाहीत, मालूम हाय मले. दवाखान्यात चालली, म्हटलं इथं जरा बसून जावं." मी कडी काढली, तिला पाणी दिलं. मग चप्पल घातली आणि तिच्यासोबत दवाखान्यात गेलो.