दहा झोके

माझ्या पुतणीसारखा आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका घेणारी पोर अख्ख्या खान्देशात नव्हती. एरंडोलजवळच्या आमच्या गावात निंबाला दोर बांधला की ही उभ्यानं चढायची आणि पाचोऱ्याच्या स्टेशनात गाडी वेळेवर आली की नाही, ते वरून सांगायची. खोटं वाटत असेल तर निंबाला विचारा. शेंड्याची पानं तिनं पायानं खुडलीत.

मग तिला कोरोना झाला. दोनच दिवस ताप. सुटलो म्हटलं. पण ताप गेला तरी आमची पोर काही परत आली नाही. तेरा वर्षांची मुलगी वेणी घालताना दमायची, शाळेच्या जिन्यात अर्ध्यावर बसायची, आत्ता वाचलेली ओळ विसरायची.

शेजारची अक्का म्हणाली, "बठ्ठं ढोंग शे!"

जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ढोंग नाही. काही मुलांना हे मागे राहतं. दमायच्या आधी थांबायचं, एवढंच औषध."

मी तर त्यांच्याहून मोठा डॉक्टर! आखाजीला तिला झोक्यावर चढवलं आणि छातीत वारा भरला की आजार थेट सातपुड्यापार पळेल, असं ओरडत ढकलत सुटलो. "काका, पुरे," ती म्हणत होती. मी ऐकलं नाही. पंधरा दिवस ती खाटेवरून उठली नाही. गोष्टींत वाघ लोळवणारा मी, तिच्या दारात जायला घाबरायचो.

ती उठली ती स्वतःच्या हिशेबानं. विहिरीपर्यंत जाववत असेल, तर अलीकडच्या चिंचेपासूनच वळायची. वर्षभर, रोज. मला तर दुसरी भाकरी समोर असताना थांबता येत नाही!

यंदा आखाजीला म्हणाली, "काका, दोर बांधा. दहा झोके. तुम्ही फक्त मोजायचं. हात लावायचा नाही."

उभी राहिली. पाच, सहा, सात. पोरी किंचाळायला लागल्या. अक्का ओरडली, "अजून वर जाय वं!" नवव्याला तिचे डोळे असे चमकले की मला वाटलं, आता ही थांबत नाही. मी मोजायचंच विसरलो.

"दहा," तीच म्हणाली, आणि उतरली.

"बस, इतलंच?" अक्का.

"अकरावा तुम्ही घ्या, अक्का."

सगळ्या पोरी हसल्या. मी मात्र सकाळची वाट बघत राहिलो. सकाळी ती उठली, वेणी घातली, चिंचेपर्यंत जाऊन आली.

"गाडी दिसली का गं काल?"

"झोका तेवढा वर गेलाच नाही, काका."

मी गावभर सांगितलं, गाडी वेळेवर होती.