पत्र्यावरचे चार आकडे

माझा नवरा झेनोनास मुक्या रेडिओंना बोलतं करायचा. आमच्या मारियाम्पोले गावच्या बाजारात जर्मनीहून जुन्या गाड्या यायच्या आणि त्यांच्या रेडिओंना चोरांच्या भीतीनं कारखान्यातच कुलूप घातलेलं असायचं. बॅटरीची तार एकदा सुटली की रेडिओ गप्प. पडद्यावर ‘सेफ’ एवढंच दिसणार, आणि चार आकडे दाबल्याशिवाय तो तोंड उघडणार नाही. आकड्यांचं कार्ड त्या जर्मन मालकाच्या कुठल्यातरी खणात पडलेलं. त्यात आमची माणसं! रशियन गाड्यांच्या दिवसांपासूनची सवय. थंडी वाढली की रात्री बॅटरी काढायची आणि तान्ह्या लेकरासारखी उचलून घरात आणायची. सकाळी गाडी चालू होते, पण रेडिओ मुका. मग सगळे झेनोनासच्या टपरीपुढे उभे.

तो रेडिओ बाहेर ओढायचा, आतल्या चिपमधून आकडे वाचायचा आणि रेडिओच्या पत्र्यावर जाड काळ्या पेनानं लिहून ठेवायचा. मी म्हणायची, “अरे, कुलपालाच किल्ली बांधून ठेवतोस की काय?” तो म्हणायचा, “कागद हरवतात, ब्रोने. पत्रा कुठं जातोय?” असा हट्टी माणूस. पण कुणी पिशवीतून सुटा रेडिओ आणला, तर त्याला हात लावायचा नाही. आधी गाडी दाखव, मग बोल.

त्या वर्षी पानगळीत समोरच्या बर्नार्दासच्या गाडीची काच फोडून कुणीतरी रेडिओ नेला. बर्नार्दास झेनोनासचा जिवाभावाचा दोस्त. दोघं तळ्याच्या बर्फाला भोक पाडून दिवसदिवस मासे धरत बसायचे. तोच बर्नार्दास चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, “कुलूपबंद रेडिओ चोर कशाला नेईल? आकडे तुला ठाऊक होते, झेनोनास. दुसऱ्या कुणाला नाही.” झेनोनासनं टोपी घातली आणि घरी आला. मला मात्र वाटलं, जाऊन बर्नार्दासच्या झिंज्या उपटाव्यात. त्यानंतर टपरीवर गिऱ्हाईकं कुजबुजायला लागली, आणि माझा माणूस जेवताना बोलेनासा झाला.

जानेवारीत आमची लेक यूर्गिता एवाल्दासला लग्नाची तारीख ठरवायला घेऊन आली. उन्हाळ्यापासून दोघांचं जमलेलं. तो तिला फाटकापाशी सोडून जायचा, घरात पहिल्यांदाच येत होता. बोलायला गोड, मी केलेली बटाट्याची धिरडी बोटं चाटत खाल्ली. रात्री थुंकी गोठेल अशी थंडी पडली. पोरं झोपल्यावर झेनोनासनं, पाहुण्याची गाडी सकाळी अडायला नको म्हणून, तिची बॅटरी काढून चुलीपाशी आणून ठेवली. किती दिवसांनी तो शीळ घालत होता.

सकाळी बॅटरी जोडली, गाडी सुरू झाली. पडद्यावर ‘सेफ’.

“अरेच्चा,” झेनोनास हसला. “सासऱ्यानंच जावयाचा रेडिओ मुका केला!”

“राहू द्या काका,” एवाल्दास घाईनं म्हणाला. “मला कुठं गाणी ऐकायचीत?”

“माझ्या अंगणातून मुका रेडिओ जाणार? बाजार हसेल मला.”

“काका, खरंच नको.”

पण झेनोनासनं लोखंडी पट्ट्या फटींत घालून रेडिओ ओढलासुद्धा. मी चहा घेऊन त्याच्या पाठीशी उभी होते. रेडिओ त्यानं तिरपा धरला आणि हात थबकला. पत्र्यावर चार आकडे होते, त्याच्याच अक्षरात. शेजारी एक छोटा मासा काढलेला. मासा त्यानं जन्मात एकाच रेडिओवर काढला होता, बर्नार्दासच्या.

झेनोनासनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि रेडिओ परत आत ढकलला.

“एकदोनदा अंदाजानं आकडे मारून बघतो,” तो म्हणाला.

अंदाजानं! या माणसानं आयुष्यात मीठसुद्धा अंदाजानं घातलं नाही. त्यानं चार चुकीचे आकडे दाबले. मग आणखी चार. आणि काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोनदा चुकलं की हा रेडिओ तासभर कुणालाच दाद देत नाही, आणि तोवर तो चालूच ठेवावा लागतो.

“बस,” तो एवाल्दासला म्हणाला. “तासभर बसावं लागेल.”

मी मागच्या सीटवर जाऊन बसले. कुणी बोलावलं नव्हतं, पण मला उतरवायची कुणाची छाती झाली नाही. काचांवर वाफ धरली. झेनोनास विचारायचा आणि मग थांबायचा.

“हा रेडिओ गाडीबरोबरच आला?”

“हो काका.”

“जर्मनीहून?”

“हो... म्हणजे, असेल.”

“चांगला आहे. असा एक आमच्या समोरच्यांकडे होता.”

एवाल्दास बाहीनं काच पुसायला लागला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आकडे यालाही पाठ आहेत, नाहीतर कालपर्यंत रेडिओ बोलला कसा! आमच्या अंगणातून निघाल्याबरोबर हा दाबणार होता. दोघंही तेच चार आकडे पोटात घेऊन बसले होते, आणि माझा नवरा त्याला बोलायला जागा करून देत होता. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, बोल एकदाचा. आणि लगेच वाटत होतं, नको, गप्प राहा, जा निघून, माझ्या पोरीचं लग्न होऊ दे.

यूर्गितानं घराच्या खिडकीतून हाक मारली, “बाबा, अजून किती वेळ?”

“याच्यावर आहे,” झेनोनास म्हणाला.

तास भरला तेव्हा झेनोनासनं रेडिओला हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला. शेवटी एवाल्दासनंच बोट पुढं केलं आणि न चुकता चार आकडे दाबले. कुठल्यातरी प्रार्थनेचे सूर गाडीभर झाले.

“काच मी नाही फोडली, काका,” तो म्हणाला. “मित्रांना समोरच्यांची गाडी मी दाखवली. यूर्गिता एकदा हसत म्हणाली होती, बाबा आकडे पत्र्यावरच लिहितात. तिला बाकी काही ठाऊक नाही. देवाशपथ.”

झेनोनासचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पोराचा राग आलेला माणूस असा दिसत नाही. चूक आपल्याच हाताची निघाली की माणूस असा दिसतो.

त्यानं रेडिओ बाहेर काढला, तारा सोडवल्या आणि एवाल्दासच्या हातात दिला. “चल.”

मी आडवी आले. “झेनोनास, वेडा झालास? रात्री गुपचूप बर्नार्दासच्या फाटकाला लटकव! आता नेलास तर तो गावभर म्हणेल, बघा, मी बोललो होतो!”

“म्हणू दे.”

रस्ता ओलांडून दोघं गेले. मीही शाल ओढत मागं गेले. बर्नार्दासनं दार उघडलं. रेडिओ पाहिला, मासा पाहिला. एवाल्दासनं रेडिओ त्याच्या हातात दिला.

“हा कोण?” बर्नार्दासनं विचारलं.

झेनोनासला बाजारातलं कुठलंसं पोर म्हणून सांगता आलं असतं. तसं म्हणाला असता तर मी त्याला कधीच दोष दिला नसता.

“माझा जावई,” झेनोनास म्हणाला. “आत येऊ का आम्ही?”