साडूचं जबलपूर, माझं भोपाळ

माझ्या साडूने आमच्या सासऱ्यांना विमानाने जबलपूरला नेऊन आणलं, तेव्हा ते विमान सौंसरला त्याच्या बेडरूममध्ये, कपाटाच्या शेजारी होतं.

प्रकाश (हाच तो साडू) कॉम्प्युटरवर विमान चालवतो. तेही साधंसुधं नाही! फार पूर्वी नागपूरहून जबलपूर, रायपूर, भोपाळ अशी जवळजवळची गावं करणारी छोटी विमानं होती म्हणे. त्या बंद पडलेल्या फेऱ्या तो जुन्या टाइमटेबलाप्रमाणे, मिनिटाला मिनिट लावून पुन्हा उडवतो. मामाजींनी (म्हणजे सासऱ्यांनी) तरुणपणी आपल्या गावी, रामाकोन्याच्या वावरात उभं राहून असंच एक विमान रोज पाहिलेलं. बसायचं राहूनच गेलं. प्रकाशने त्यांना खुर्चीत बसवलं, तासाभरात जबलपूर दाखवलं, आणि म्हातारा चक्क रडला!

तेव्हापासून रामाकोन्याच्या पारावर एकच विषय. "आमच्या परकाशनं मले विमानानं जबलपूरले नेलं!" मी त्याच मामाजींना तिरुपतीला नेलं होतं. खऱ्या रेल्वेने. लोअर बर्थ देऊन! त्याचा पारावर एका शब्दाने उल्लेख नाही. मी जळलो. खोटं कशाला सांगू, चांगला करपलो! मोठा जावई मी, आणि नाव त्याचं? शिवाय आमचं पांढुर्णा आता जिल्हा, सौंसर त्यातली तहसील. म्हणजे सरकारच्या नजरेतही प्रकाश माझ्या खालीच येतो!

मीही तोच गेम आणला, हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडला, विमानाचा दांडा मागवला आणि हार्डवेअरचं दुकान बायकोवर सोडून महिनाभर सराव केला.

"अवो, गिऱ्हाईक खिळे मागून राह्यलं अन् तुम्ही भोपाळले जाऊन राह्यले!" ती ओरडायची. ओरडू दे. मामाजींनी पारावर माझं नाव घ्यावं, एवढं एकच मला हवं होतं.

एका रविवारी दुपारी सगळ्यांना पांढुर्ण्याला बोलावलं. नागपूर–भोपाळ फेरी! हॉलमध्ये खुर्च्या दोन-दोनच्या ओळीत मांडल्या. मामाजी माझ्या शेजारी. मामीजी मागे, मांडीवर पोळी-भाजीचा डबा घेऊन. (प्रवास म्हटला की डबा, मग जायचं टीव्हीत का असेना.) प्रकाशला मुद्दाम शेवटची खुर्ची दिली, बाथरूमच्या दाराशी.

"भाऊ, नकाशा लावून घ्या," तो मागून म्हणाला.

"नकाशा कायले पाह्यजे? रूळ पकडायचे न् जायचं. काटोल, नरखेड, पांढुर्णा, तिगाव... सारी जिंदगी याच लाइननं गेली आपली!"

उडालो. झकास उडालो! नागपूर मागे पडलं, खाली रूळ दिसले, मी विमान रुळांवर धरलं. "मामाजी, आता आपल्या घरावरून नेतो तुमाले." थोड्या वेळात एक गाव आलं. "हे काटोल!" मी जाहीर केलं. मागून प्रकाश खोकला. पुढचं गाव आलं. "हे नरखेड!" प्रकाश पुन्हा खोकला. मला वाटलं, जळतो आहे बेटा.

मग एक नदी आली. चांगली रुंद, तिच्यावर रेल्वेचा पूल. एवढी नदी आमच्या लाइनवर मी जन्मात पाहिली नव्हती.

"जवाईबुवा!" मामाजी खुर्चीतून उठलेच. "हा तं आपला कन्हानचा पूल! हे तं रामाकोना!"

नागपूरहून वर दोन लाइनी निघतात. एक आमची, इटारसीची. दुसरी छिंदवाड्याची, सौंसर-रामाकोन्यावरून जाणारी. मी निघाल्यापासून साडूच्या लाइनवर होतो! माझं काटोल म्हणजे सावनेर होतं आणि माझं नरखेड म्हणजे सौंसर. साडूच्या घरावरून मी ऐटीत विमान काढलं होतं.

'मुद्दामच आणलं तुमाले' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण साडूसमोर चूक कबूल करायची?

"नाही मामाजी, हे पांढुर्णाच हाय!"

"मले माह्यं गाव शिकवता?"

खात्री करून द्यायला मी विमान खाली घेतलं. जरा जास्तच खाली. टीव्ही भोंग्यासारखा ओरडायला लागला. झाडं अंगावर यायला लागली. मामीजींनी डबा छातीशी धरून जामसावळीच्या मारोतीला नवस बोलला. "जवाईबुवा, वर घ्या! वर घ्या!" मामाजी किंचाळले. मी घाबरून दांडा सोडूनच दिला!

प्रकाश बाथरूमच्या दारापासून धावत आला, माझ्या खांद्यावरून हात घालून दांडा धरला, विमान उचललं, वळवलं आणि सौंसरबाहेरच्या एका मोकळ्या वावरात अलगद उतरवलं. मामाजींनी टाळ्या वाजवल्या. मामीजींनी डबा उघडून पहिली पोळी प्रकाशच्या हातावर ठेवली. माझ्या घरात! माझ्या विमानात!

पारावर आता माझं नाव निघतं. रोज निघतं. गेल्या आठवड्यात मी मोटरसायकलने रामाकोन्याला गेलो, तर चार म्हातारे मला पाहायला उठून उभे राहिले.

"या, या जवाईबुवा," त्यातले एक म्हणाले. "परत जातानी सांगा बरं. परकाशले बोलावू. तो सोडून देईन तुमाले पांढुर्ण्यापर्यंत."

येताना सौंसरच्या चौकात मी रस्ता चुकलो होतो, आणि आपली मोटरसायकल पुढे घालून मला रामाकोन्याच्या वाटेला प्रकाशनेच लावून दिलं होतं.