पाइप नेला, टर्बो ठेवला

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कोणी एखादी केस सांगायला सांगितली की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा हातभर लांबीचा एक रबरी पाइप येतो.

तेव्हा मी अंधेरी पश्चिमेला, समुद्राकाठच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. हद्दीत उंच इमारती होत्या आणि त्यांच्या सावलीत एक जुना कोळीवाडा होता. मासेमारीची बंदी लागण्याआधी तिथल्या होड्या उतारावरून वर ओढून ठेवतात. पूर्वी हे काम माणसांच्या खांद्यांवर चालायचं. मग गावातल्या एका तरुणाने जुना डिझेल ट्रक घेतला. होडी ट्रेलरवर चढवायची, ट्रेलर ट्रकच्या मागच्या हुकात अडकवायचा, ट्रकने पुढून खेचायचं आणि माणसांनी मागून खांदा द्यायचा, अशी नवी रीत पडली.

मोठ्या होड्या ट्रकला झेपेनात. म्हणून या पठ्ठ्याने मुलुंडच्या एका गॅरेजमध्ये त्याला मोठा टर्बो बसवून घेतला आणि इंजिनाच्या पंपातून येणारं डिझेल वाढवून घेतलं. टर्बो रबरी पाइपातून इंजिनात जादा हवा कोंबतो. जादा हवा, जादा डिझेल, की जोरही जादा. आरटीओची परवानगी घेतली होती का, हे विचारायची सोय नव्हती. गावातली सगळ्यात मोठी होडी रविवारी ओढायची होती. नारळ फोडून मागून पहिला खांदा लावायचा मान मला दिला होता. मीही खूश होतो.

शुक्रवारी दुपारी हा तरुण ठाण्यात आला तो तणतणतच.

"साहेब, माझी वाट लावली कोणीतरी. टर्बोचा पाइप चोरला! गाडी नुसता काळा धूर सोडते, जोरच नाय राहिला."

"लिहून घेतो तक्रार," मी म्हटलं, "पण आधी सांग, हा टर्बो तुझ्या गाडीत आला कुठून?"

आपण कुठे येऊन बसलोय, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. मी त्याचा अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि चौकशी सुरू केली.

संध्याकाळपर्यंत निनावी फोन आला. पूर्वी होड्या ओढणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला विचारा, तो म्हणे चार लोकांत बोलला होता, "बघतो, हा ट्रक कसा ओढतो ते!" हेतू अगदी ताटात वाढून मिळाला होता. ट्रक आल्यापासून त्याची निम्मी माणसं घरी बसली होती. त्या म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. माझ्या फौजदाराने आवाज चढवून पाहिला, मी उतरवून पाहिला. म्हातारा दोघांनाही बधला नाही.

"बोललो होतो, साहेब. रागात माणूस बोलतो. पण गाडीचा जोर काढून मना काय मिलनार? मागे खांदा लावायला माझीच मानसं हायत ना? गाडी कमी ओढेल तर त्यांचेच खांदे सोलतील."

खोटं बोलणारा माणूस सहसा आपला फायदा झाकतो. हा आपलं नुकसान मोजून दाखवत होता. मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं आणि शनिवारी सकाळी ट्रक पाहायला गेलो. तरुण निवांत होता. मुलुंडहून दुसरा पाइप संध्याकाळी येणार होता, म्हणजे रविवारचा बेत कायम होता.

बॉनेट उघडून मी बराच वेळ नुसता पाहत राहिलो. एक गोष्ट पटत नव्हती. भंगारात चांगला भाव मिळेल असा टर्बो जागच्या जागी होता आणि कोणी फुकट घेणार नाही असा रबराचा पाइप गेला होता. हा चोर नव्हे. गाडी अधू व्हावी एवढंच याला हवं होतं.

पाइप आवळणारी लोखंडी पट्टी तिथेच लोंबत होती. तिच्या स्क्रूची खाच ओरबाडलेली होती, पान्या-पेचकसाला सरावलेल्या हाताचं हे काम नव्हतं. खाचेत पात्याचं मोडलेलं टोक अडकलं होतं, आणि पट्टीच्या तेलकट काजळीत एक मासळीचा खवला चिकटला होता. कोळीवाड्यात खवल्याचं काय नवल? पण खवले काढतात बायका, आणि बॉनेटमध्ये हात घालतात पुरुष. मी पंचांसमक्ष दोन्ही वस्तू ताब्यात घेतल्या आणि सरळ बाजार गाठला.

मासळी बाजारात पोलीस अधिकारी शिरला की तो फुकटात पापलेट न्यायला आलाय असंच सगळ्यांना वाटतं. मी एकेकीच्या हातातली सुरी पाहत पुढे सरकत होतो. चौथ्या की पाचव्या पाटीवर टोक मोडलेली सुरी दिसली. सुरी चालवणारी बाई त्या तरुणाची आई होती.

मी मोडलेलं टोक तिच्यापुढे धरलं. तिने हातातली सुरमई कापून पुरी केली, गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"होय, मीच नेला. जोर त्यातूनच येतो, पोरगा सगल्यांना सांगत फिरतो. बर्फाच्या खोक्यात हाय, खालती. पोराची वस्तू आईने नेली, त्याला तू चोरी बोलतो काय?"

"पण का, मावशी?"

"का म्हंजे? परवा गाडी चालू करून ट्रेलर ओढून बघत होते. मी मागे उभी होते. हूक हाय ना, त्याचा पत्रा उचलत होता. पोराला बोलले. तो हसला, बोलला, आये, तुला गाडीतला काय कलतं? अरे, होडी दगडाला अडली तर मानसाच्या खांद्याला कलतं, मानूस थांबतो. त्या गाडीला काय कलतं? ती ओढतच राहनार!" तिचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "आणि मागे खांदा लावायला कोन असतं, माहीत हाय? माझा नवरा. बरोबर मधोमध. दर साली तीच जागा त्याची."

पाटीवर पाणी मारत ती म्हणाली, "हूक बघ आधी. मग मना घेऊन जा."

मी तसाच मागे फिरलो. हुकावरचं ग्रीस रॉकेलने धुवून घेतलं. हूक ज्या लोखंडी पत्र्यावर बसवला होता त्याच्या जोडावर भेग होती, नख जाईल एवढी. मोटार वाहन निरीक्षकांना बोलावलं. त्यांनी भेग पाहिली, मग उतार पाहिला. "पुढचा जोर वाढवला आणि मागचा हूक तोच ठेवला," ते म्हणाले. "चढावर एक झटका बसला असता, की ट्रेलर होडीसकट मागच्या माणसांवर."

तरुण शेजारीच उभा होता. त्याने भेगेत नख घालून पाहिलं. "बाबा असतात मागे," एवढंच बोलला. मागे पहिला खांदा कोणाचा असणार होता, हेही मला त्याच क्षणी उमगलं होतं.

कागदोपत्री प्रकरण तिथेच मिटलं. वस्तू घरातच सापडली, तक्रार नाही, असा जबाब त्याने दिला. ट्रकवर मात्र कारवाई झाली, मोठा टर्बो उतरवावा लागला, पंप पूर्ववत झाला, मागे नवा हूक आला. होडी एक आठवडा उशिरा निघाली. टोळीतली घरी बसलेली माणसंही पुन्हा बोलावली गेली.

मी नारळ फोडला आणि त्या बाईच्या नवऱ्याशेजारी खांदा लावला. अर्ध्या चढावर होडी अडली. माझ्या खांद्याला ते खरोखरच कळलं. टोळीचा म्हातारा म्होरक्या ओरडला, "थांब रेऽ!" पुढे पोराने तत्काळ ब्रेक दाबला. कोणीतरी चाकाखालचा दगड काढला आणि होडी वर गेली. बाजूला ती बाई उभी होती. बाकी सगळे होडीकडे पाहत होते, ती होडीखालच्या पायांकडे पाहत होती.

मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "मावशी, तुमचे उपकार झाले."

"उपकार कसले? बाजारात ये. बोंबील ताजे हायत."

काय चोरीला गेलं हे पाहण्याआधी काय मागे ठेवलं ते पाहावं, हे मला त्या पाइपने शिकवलं. पुढे कितीतरी तपासांत ते उपयोगी पडलं. पण खरं सांगायचं तर शिकवणीपेक्षा कृतज्ञताच मोठी आहे. घाबरलेल्या बाईचं कोणी ऐकत नाही तेव्हा ती काय करते, हे मी पाहिलं, आणि तिने ते केलं म्हणून मी आज हे लिहायला आहे.

आता कांदिवलीला राहतो. इमारतीखालीच मासळीवाली बसते, तरी मी महिन्यातून एकदा अंधेरीला जातो. बायको म्हणते, एवढ्या लांब बोंबील आणायला कोण जातं? ती बाई अजून त्याच टोक मोडलेल्या सुरीने मासळी कापते. शेजारी तिचा नवरा बर्फ फोडत बसलेला असतो. आधी तो दिसतो का पाहतो, मगच मी पिशवी पुढे करतो.