पुरणयंत्राचा दांडा

दौलतगंजात आमच्या गल्लीत पुरणयंत्र एकच, समोरच्या काकूंचं. होळीला ते घरोघर फिरतं. यंदा माझी डाळ कच्ची राहिली. तरी मी हट्टानं जोर लावून दांडा फिरवला आणि कट्कन आवाज आला. दांड्याच्या मुळाशी बारीक तडा गेला होता. मी यंत्र घासलं, पुसलं, काकूंच्या हातात दिलं आणि चहासुद्धा न घेता पळाले.

मग दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. बेल वाजली की मी आतल्या खोलीत पळायचे. एवढ्याशा दांड्यापायी लपून बसलेल्या स्वतःचाच संताप येत होता.

संध्याकाळी काकू आल्याच. म्हणाल्या, "अगं, यंत्राचा दांडा तुटला. शेजारच्या नव्या सुनेच्या हातून. पहिलाच सण तिचा, इतकी परेशान झालीय बिचारी! सासूला सांगू नका म्हणून माझ्या पाया पडली."

"होतं असं, काकू," माझ्या तोंडून निघून गेलं.

काकू जिन्याकडे वळल्या, तेव्हा मात्र राहवेना.

"काकू, तो आधी मी मोडला होता."

त्या थांबल्या. दाराजवळच्या माझ्या चपला त्यांनी पायानं पुढे सरकवल्या.

"मला नको सांगूस. तिला सांग."